लिनक्सवरच्या सेटिंग्जचा बॅकअप: उचलताना सगळं, लावताना निवडून

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉपच्या जुन्या हार्ड डिस्कवर उबुंटू या लिनक्सची २०.०४ ही आवृत्ती होती. नवी एसएसडी बसवून तिच्यावर उबुंटू २४.०४ नव्याने टाकलं. त्याआधी होम फोल्डर उघडून, आतलं सगळं निवडून पेनड्राइव्हवर घेतलं होतं. एसएसएचचा (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायच्या साधनाचा) फोल्डर नंतर आठवणीने वेगळा घेतला. कागदपत्रं आणि फोटो आले. पण कीबोर्डचे स्वतः बसवलेले शॉर्टकट, टर्मिनलचे रंग, मराठी टायपिंग, फायरफॉक्समधले पासवर्ड आणि लिब्रेऑफिसमध्ये वर्षानुवर्षं भरत आणलेला शब्दसंग्रह यांतलं काहीच आलं नाही. एसएसएचची की आली, पण ती वापरायला गेलं की नकार मिळतो. जुनी डिस्क अजून तशीच पडून आहे. आता काय करावं, आणि पुढच्या वेळी हे कसं टाळावं?

जुनी डिस्क पुसलेली नाही, हे फार बरं झालं. तुम्ही मोजलेल्या सगळ्या गोष्टी तिच्यावर आहेत आणि दोन संध्याकाळींत परत मिळतील. तोवर त्या डिस्कवर काहीही लिहू नका, तिच्यातून फक्त वाचा. पेनड्राइव्हवरची प्रत बाजूला ठेवा, ती या कामाची नाही.

कमांड आणि फोल्डरांची नावं मी बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत घ्या. मोठं अक्षर हवं असेल तिथे मी तसं सांगेन.

आधी हे घडलं कशामुळे ते बघू. लिनक्समध्ये ज्या फाइलचं किंवा फोल्डरचं नाव टिंबाने, म्हणजे डॉटने सुरू होतं ते लपलेलं राहतं. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी यामागची हकिगत सांगितली आहे. फायलींची यादी दाखवणाऱ्या एलएस या कमांडमध्ये, चालू फोल्डरची खूण असलेला एक डॉट आणि वरच्या फोल्डरची खूण असलेले दोन डॉट दिसू नयेत, एवढंच करायचं होतं. सोपं जावं म्हणून तपासणी फक्त पहिल्या अक्षराची ठेवली गेली, आणि डॉटने सुरू होणारं प्रत्येक नाव आपोआप लपलं. मग प्रोग्राम लिहिणारे आपापल्या सेटिंग्ज तिथेच ठेवू लागले. फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फायली दिसत नसताना कंट्रोल-ए केलं तर त्या निवडल्याच जात नाहीत. टर्मिनलमध्ये कॉपी करताना तारांकन वापरलं तरी तेच होतं, कारण बॅश, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचणारा प्रोग्राम, त्या तारांकनात डॉटवाली नावं धरत नाही. तुमच्या जवळपास सगळ्या सेटिंग्ज याच लपलेल्या भागात होत्या. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबा म्हणजे त्या दिसतील.

दुसरा घोटाळा पेनड्राइव्हचा. बाजारातले पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेले येतात. या दोन्ही पद्धतींत लिनक्सच्या फाइल परवानग्या, मालकी आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे दुवे) साठवायची सोयच नाही. एसएसएचची खासगी की मशीनवरच्या इतर युजरांना वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरायला साफ नकार देतं. तुमची की पेनड्राइव्हवरून परत आली ती उघड्या परवानग्या घेऊनच. इलाज सोपा आहे: परवानग्या बदलणारी सीएचमॉड ही कमांड वापरून डॉट-एसएसएच फोल्डरला ७००, खासगी कीला ६०० आणि पब्लिक कीला ६४४ द्या. डॉट-जीएनयूपीजी (एनक्रिप्शनच्या चाव्यांचा) फोल्डर असेल तर त्यालाही ७०० द्या. की बिघडलेली नाही, नवी बनवायच्या भानगडीत पडू नका.

आता मुख्य काम. जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून यूएसबीला जोडा. मग तिच्यावरचं तुमचं अख्खं होम एसएसडीवर एका वेगळ्या फोल्डरात उतरवून घ्या, उदाहरणार्थ ‘जुनंघर’ नावाच्या. नव्या होममध्ये थेट ओतू नका, अख्खं उत्तर या एका वाक्यावर उभं आहे. उचलताना काही निवडायला बसू नये. आज जे निरुपयोगी वाटतं ते नेमकं तीन आठवड्यांनी हवं असतं. लावताना मात्र एकेक गोष्ट ओळखून लावावी. २०.०४ मध्ये ग्नोम या डेस्कटॉपची ३.३६ ही आवृत्ती होती, २४.०४ मध्ये ग्नोम ४६ आहे. मधल्या चार वर्षांत खूप काही बदललं. जुन्या सेटिंग्जचा ढीग नव्या डेस्कटॉपवर एकदम पडला की पॅनेल गायब होणं, लॉगिननंतर काळा पडदा येणं, असले प्रकार सुरू होतात, आणि दोष नेमका कोणत्या फाइलचा ते शोधायला काही मार्ग उरत नाही.

उतरवायला आरसिंक ही कॉपीची कमांड वापरा आणि तिला ‘-ए’ हा पर्याय द्या. त्याने परवानग्या, तारखा आणि सिमलिंक जसेच्या तसे राहतात. मूळ फोल्डरच्या नावापुढे शेवटी तिरकी रेघ दिली तर आतला ऐवज कॉपी होतो, नाही दिली तर फोल्डरसकट कॉपी होतो. ही रेघ विसरून होमच्या आत होम तयार झालेलं मी पुष्कळ जणांच्या मशीनवर पाहिलंय. आधी ‘-एन’ पर्याय जोडून कोरडी चाचणी घ्या. काय-काय कॉपी होईल याची यादी दिसते, प्रत्यक्षात काही हलत नाही. डॉट-कॅश फोल्डर मात्र वगळा. त्यातलं सगळं प्रोग्राम पुन्हा तयार करतात, आणि कित्येकदा तो एकटाच काही जीबी असतो. उबुंटूवर पहिल्या युजरचा क्रमांक १००० असतो, जुन्यावर तोच आणि नव्यावर तोच, त्यामुळे मालकीचा प्रश्न बहुधा येणार नाही. फायली दुसऱ्याच क्रमांकाच्या मालकीच्या दिसल्या तर सीएचओन या मालकी बदलणाऱ्या कमांडने त्या आपल्या नावावर करून घ्या.

आता तुमच्या यादीतलं एकेक.

शॉर्टकट, टर्मिनलचे रंग आणि कीबोर्डची निवड ही तिन्ही एकाच ठिकाणी आहेत. ग्नोम आपल्या सेटिंग्ज डीकॉन्फ नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. डॉट-कॉन्फिगच्या आत डीकॉन्फ फोल्डर आहे आणि त्यात युजर नावाची एकच फाइल. ती बायनरी आहे, टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून काही कळत नाही. ही फाइल नव्या जागी चिकटवली की काम झालं, असा सल्ला बरेचदा मिळतो. तसं करू नका. एक तर चालू सेशनमध्ये ती बदलणं धोक्याचं आहे, आणि दुसरं म्हणजे तिच्याबरोबर जुन्या एक्स्टेंशनांची (डेस्कटॉपला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची) यादी, जुन्या वॉलपेपरचा पत्ता, जुन्या ॲपची चिन्हं असं सगळंच येतं.

त्याऐवजी जुन्या डेटाबेसमधून वाचता येईल असा मजकूर काढून घ्या. ‘जुनंघर’मधली ती युजर फाइल नव्या होममधल्या डॉट-कॉन्फिगच्या डीकॉन्फ फोल्डरात ‘ओल्ड’ या नावाने ठेवा. नाव बदलायला विसरू नका, नाहीतर चालू फाइलवरच पाणी पडेल. मग कुठेही एक साधी टेक्स्ट फाइल बनवा आणि तिच्यात एकच ओळ लिहा: युजर, आडवी रेघ, डीबी, कोलन, ओल्ड; मध्ये कुठेही जागा सोडायची नाही. टर्मिनलमध्ये डीकॉन्फ-प्रोफाइल या व्हेरिएबलला (दोन्ही शब्द मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर) त्या टेक्स्ट फाइलचा पूर्ण पत्ता द्या, आणि त्याच ओळीत पुढे ‘डीकॉन्फ डंप /’ चालवून निकाल एका फाइलमध्ये वळवा. जुन्या डेस्कटॉपची तुम्ही बदललेली प्रत्येक सेटिंग आता तुमच्यापुढे मजकूर म्हणून येईल. डीकॉन्फ फक्त बदललेल्या किमती साठवतं, मूळच्या नाही, त्यामुळे यादी वाटते तेवढी लांब नसते. पहिल्यांदा ही फाइल सावकाश वाचा. आपण पाच वर्षांत मशीन कसकसं आपल्याजोगं करून घेतलं, ते तिच्यात ओळीओळीने दिसतं. मला आजही ती वाचायला आवडते.

यातलं हवं तेवढंच घ्या. स्वतः बसवलेले शॉर्टकट सेटिंग्ज-डेमनच्या खाली मीडिया-कीज नावाच्या भागात असतात. तिथे दोन गोष्टी लागतात: कोणकोणते शॉर्टकट आहेत याची यादी, आणि त्या प्रत्येकाचा स्वतंत्र विभाग. नुसते विभाग आणले आणि यादी राहिली तर शॉर्टकट दिसतच नाहीत. म्हणून तो भाग पूर्ण उचला. टर्मिनलचे रंग टर्मिनलच्या लेगसी विभागात आहेत. तिथेही प्रोफाइलांची यादी आणि प्रत्येक प्रोफाइल हे सगळं एकत्रच घ्या. घेतलेला मजकूर ‘डीकॉन्फ लोड’ने चढवायचा. डंप ज्या पत्त्यावरून काढला त्याच पत्त्यावर लोड करायचं, आणि पत्त्याच्या सुरुवातीला व शेवटी तिरकी रेघ हवीच. लोडने फक्त फाइलमधल्या किल्ल्या बदलतात, बाकीच्या तशाच राहतात. त्याआधी आजच्या, नव्या डेस्कटॉपचाही एक डंप काढून ठेवा. काही बिनसलं तर परतीची वाट हवी.

शेल विभागातल्या चालू एक्स्टेंशनांची ओळ मात्र आणू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ग्नोम ४५ ने एक्स्टेंशन लिहायची पद्धतच बदलली, त्यामुळे त्याआधीची एक्स्टेंशनं ४६ वर चालत नाहीत. डॉट-लोकल, शेअर, ग्नोम-शेल या वाटेने गेलात तर जुन्या एक्स्टेंशनांचे फोल्डर सापडतील. त्यांची नावं कागदावर उतरवा आणि २४.०४ साठीच्या आवृत्त्या नव्याने बसवा. डॉट-कॉन्फिगमधली मॉनिटर्स नावाची एक्सएमएल फाइलही मागेच ठेवा. तिच्यात जोडलेल्या पडद्यांची मांडणी असते, ती त्या-त्या मशीनची आणि त्या-त्या पडद्यांची गोष्ट आहे.

मराठी टायपिंगबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण इथे लोक हमखास अडकतात. डंपमध्ये इनपुट-सोर्सेस नावाचा विभाग आहे, त्यात तुमच्या कीबोर्डांची यादी सापडेल. गमभन किंवा फोनेटिक पद्धत वापरत असाल तर ती बहुतेक आयबस (वेगवेगळ्या भाषांचं टायपिंग सांभाळणारा प्रोग्राम) आणि एम१७एन (त्याला मांडण्या पुरवणारा संच) यांच्यामार्फत येत असते. सेटिंग लोड केली पण एम१७एनचं आयबससाठीचं पॅकेज नव्या मशीनवर बसवलेलंच नसेल, तर यादीत नाव आहे आणि टाइप मात्र होत नाही, अशी स्थिती येते. माणसाला वाटतं बॅकअप खराब होता. बॅकअप ठीकच असतो, पण त्यात सेटिंग असते, प्रोग्राम नसतो. म्हणून आधी पॅकेज बसवा, एकदा लॉगआउट करून परत या, मग सेटिंग चढवा. इनस्क्रिप्ट वापरणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, कारण ती मांडणी सिस्टिमच्या मूळ कीबोर्ड याद्यांतच असते.

मराठी माणसांच्या मशीनवरची आणखी एक जागा: लॉगिनची भाषा मराठी ठेवली तर होममधल्या डेस्कटॉप, डाउनलोड वगैरे फोल्डरांची नावंही मराठीत करू का, असं सिस्टिम विचारते. त्याची नोंद डॉट-कॉन्फिगमधल्या युजर-डर्स नावाच्या फाइलमध्ये असते. जुनी फाइल आणली आणि नव्या मशीनवर फोल्डर इंग्रजी नावांचे असले, तर दोन्हींचा मेळ बसत नाही आणि ब्राउझर डाउनलोड कुठे टाकतोय ते कळेनासं होतं. ही फाइल नव्या मशीनचीच राहू द्या.

फाँट डॉट-लोकल, शेअर, फाँट्स इथे असतात, फार जुन्या मशीनवर डॉट-फाँट्समध्ये. ते बिनधास्त पूर्ण उचला आणि एफसी-कॅश ही कमांड चालवा. फाँट नसले तर जुनी कागदपत्रं उघडल्यावर पानं सरकतात आणि दोष लिब्रेऑफिसच्या माथी बसतो.

लिब्रेऑफिसचं सगळं डॉट-कॉन्फिग, लिब्रेऑफिस, ४, युजर या वाटेवर आहे. त्या ४ वर जाऊ नका. २०१३ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हाचं ते नाव पुढच्या आवृत्त्यांतही तसंच राहिलं आहे. अख्खा युजर फोल्डर बदलता येतो, पण मी तसं करत नाही. मी तीनच गोष्टी घेतो: वर्डबुक फोल्डर, ऑटोकर फोल्डर आणि टेम्प्लेट फोल्डर. तुमचा शब्दसंग्रह वर्डबुकमध्ये स्टँडर्ड-डिक नावाच्या फाइलमध्ये आहे, आणि आपोआप दुरुस्त होणाऱ्या शब्दांची यादी ऑटोकरमध्ये, भाषेनुसार वेगळ्या फाइलमध्ये. बाकी टूलबारांची मांडणी वगैरे दहा मिनिटांत पुन्हा करता येते.

हे मी एवढ्या आग्रहाने लिहितोय त्याला कारण आहे. पूर्वी एका मुद्रितशोधक बाईंच्या मशीनवर मी नवी सिस्टिम टाकून दिली. कागदपत्रं, मेल, फाँट सगळं नीट हलवलं, त्यांना दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी जुनी डिस्क फॉरमॅट करून दुसऱ्या कामाला लावली. आठवड्याने त्यांचा फोन आला: ‘अहो, माझे शब्द कुठे गेले?’ गावांची नावं, आडनावं, बोलीतले शब्द, जोडशब्द असं सारं त्या रोज चूक की बरोबर ठरवून त्या यादीत घालत आल्या होत्या. काही केबीची फाइल असेल ती. मला ती कुठे असते हे तेव्हा माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. ते शब्द परत आले नाहीत. तेव्हापासून कुणाचंही मशीन हलवताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की या मशीनवर तुम्ही रोज थोडं-थोडं काय साठवत आलात? आकाराने मोठ्या फायली कुणी विसरत नाही, हरवतात त्या अशा बारीक गोष्टी.

फायरफॉक्समध्ये तुमची अडचण दुहेरी आहे. २०.०४ वर फायरफॉक्स डेब, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या पॅकेजच्या रूपात येत होता आणि प्रोफाइल (तुमचे पासवर्ड, बुकमार्क वगैरेंचा फोल्डर) डॉट-मोझिला, फायरफॉक्स इथे होता. २४.०४ वर तो स्नॅप, म्हणजे स्वतंत्र डब्यात बंद असलेलं पॅकेज, आहे आणि प्रोफाइल स्नॅप, फायरफॉक्स, कॉमन, डॉट-मोझिला, फायरफॉक्स असा खोलात गेला आहे. जुन्या जागी फायली ठेवून उपयोग नाही, कारण स्नॅपने एकदा स्वतःचा नवा प्रोफाइल उघडला की तो तोच वापरत राहतो. फायरफॉक्स पूर्ण बंद करा. जुन्या प्रोफाइलचा फोल्डर (ज्याच्या नावाची सुरुवात विचित्र अक्षर-अंकांनी होते तो) स्नॅपवाल्या जागी नेऊन ठेवा. मग फायरफॉक्स उघडा, पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:प्रोफाइल्स’ लिहा, नवा प्रोफाइल तयार करताना तोच फोल्डर निवडा आणि तो मुख्य म्हणून ठरवा. पासवर्ड दोन फायलींत मिळून असतात: लॉगिन्स-जेसन आणि की४-डीबी. एकीत कुलूपबंद पासवर्ड, दुसरीत त्या कुलपाची किल्ली. एक आणली आणि दुसरी राहिली तर पासवर्ड उघडत नाहीत. पर्सडिक्ट नावाची फाइलही तिथेच आहे. ब्राउझरमध्ये लिहिताना तुम्ही शब्दकोशात घातलेले शब्द तिच्यात असतात. जुना प्रोफाइल नव्या फायरफॉक्समध्ये चालतो, उलट चालत नाही. २०१९ च्या ६७ व्या आवृत्तीपासून, नव्या आवृत्तीने वापरलेला प्रोफाइल जुना फायरफॉक्स उघडून देत नाही.

क्रोम वापरत असाल तर त्याचा फोल्डर डॉट-कॉन्फिगमध्ये आहे, पण पासवर्डांची किल्ली डेस्कटॉपच्या कीरिंगमध्ये, म्हणजे पासवर्डांच्या तिजोरीत, असते. म्हणजे डॉट-लोकल, शेअर, कीरिंग्स हा फोल्डरही बरोबर हवा, आणि तो उघडायला जुन्या मशीनचा लॉगिन पासवर्ड हवा. तो पासवर्ड आताच कुठेतरी जपून लिहून ठेवा. मशीन बदलल्यावर महिन्याभरात माणूस जुना पासवर्ड विसरतो, तेव्हा कीरिंग उघडायला दुसरा उपाय नसतो.

डॉट-बॅशआरसी, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंग फाइल, जुनी आणून नवीवर चढवू नका. तुमच्या स्वतःच्या ओळी तेवढ्या काढून डॉट-बॅश-अंडरस्कोर-एलियासेस या फाइलमध्ये ठेवा. उबुंटूची बॅशआरसी ती असली तर आपोआप वाचते. पुढच्या वेळी ही छोटी फाइल उचलली की झालं.

बाहेरच्या वाचकांपैकी कुणी ग्नोमऐवजी केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वापरत असेल तर त्यांना डीकॉन्फचा खटाटोप नाही. तिथे सेटिंग्ज डॉट-कॉन्फिगमध्ये साध्या टेक्स्ट फायलींत असतात: शॉर्टकटांची वेगळी, खिडक्यांच्या वागणुकीची वेगळी, पॅनेलची वेगळी. एक्सएफसीई त्या एक्सएमएल फायलींत ठेवतं, डॉट-कॉन्फिग, एक्सएफसीई४ याच्या आत. दोन्हीकडे पथ्य एकच. लॉगिन चालू असताना फाइल बदलू नका, कारण डेस्कटॉपच्या मनात जुन्याच किमती असतात आणि तो नंतर, कित्येकदा लॉगआउट होताना, त्याच परत लिहून टाकतो. लॉगआउट करा, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने टेक्स्ट लॉगिनवर जा, फाइल तिथे बदला आणि मग परत या. ‘तीन वेळा कॉपी केलं, तरी लागत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा एवढंच निघतं.

पुढच्या वेळेसाठी काय करायचं, तर आधी एक बाहेरची डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करून घ्या, शक्यतो एनक्रिप्शनसह. तिच्यावर तुमच्या चाव्या आणि पासवर्ड असणार आहेत. ती रिक्षात राहिली तर काय, याचा विचार आधी करावा. प्रोग्राम म्हणून तुमच्यासाठी डेजा डुप पुरेसा आहे, उबुंटूत तो बॅकअप्स या नावाने दिसतो. नसला तर बसवून घ्या. तो होम उचलतो, लपलेल्या फायलींसकट. पण डाउनलोड आणि कचरापेटी तो आपणहून वगळतो. डाउनलोडमध्येच महत्त्वाचं ठेवायची सवय असेल तर ती ओळ काढून टाका. मी स्वतः बोर्ग हा टर्मिनलवरचा बॅकअप प्रोग्राम वापरतो, कारण तो बदललेला भागच साठवतो आणि एखादी फाइल तीन महिन्यांपूर्वी कशी होती तेही काढून देतो. ज्यांना टर्मिनल नको त्यांनी व्होर्टा किंवा पिका बसवावं, दोन्ही बोर्गच्याच जोरावर चालतात.

टाइमशिफ्ट या सिस्टिम मागे नेणाऱ्या प्रोग्रामवर भिस्त ठेवू नका. तो उत्तम आहे, पण सिस्टिमसाठी. होम तो मुळात वगळतो, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर सिस्टिम चार दिवस मागे नेताना तुमचं चार दिवसांचं लिखाणही मागे जाईल. ‘माझ्याकडे टाइमशिफ्ट आहे’ म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाला ही गोष्ट डिस्क गेल्यावर कळते, हे मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय.

काही सेटिंग्ज होमच्या बाहेरच असतात. वेळापत्रकावर चालणारी कामं, म्हणजे क्रॉनटॅब, ही सिस्टिमच्या व्हार फोल्डरच्या आत असतात. प्रिंटर ईटीसी या सिस्टिमच्या दुसऱ्या फोल्डरातल्या कप्समध्ये. वाय-फायचे पासवर्डही ईटीसीतच, जुन्या उबुंटूवर नेटवर्कमॅनेजरच्या फोल्डरात (एन आणि एम मोठे) आणि २४.०४ वर नेटप्लॅनच्या. तुमची जुनी डिस्क आहे तोवर हेही बघून घ्या. शिवाय बसवलेल्या प्रोग्रामांची यादी. यासाठी मी एक लहान स्क्रिप्ट ठेवली आहे, ती आठवड्यातून एकदा आपोआप चालते आणि होममधल्या ‘नोंदी’ फोल्डरात चार-पाच टेक्स्ट फायली लिहिते: डीकॉन्फचा पूर्ण डंप, ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’चा निकाल (बसवलेल्या पॅकेजांची यादी), फ्लॅटपॅक आणि स्नॅप या पॅकेज पद्धतींच्या याद्या, ‘क्रॉनटॅब -एल’चा निकाल. हा फोल्डर होमबरोबर आपसूक बॅकअपमध्ये जातो. डंप मजकूर असल्यामुळे दोन आठवड्यांच्या डंपमधला फरकही काढता येतो; परवापर्यंत चालणारा शॉर्टकट आज का चालत नाही, याचं उत्तर मला असंच दोनदा मिळालं. एपीटीची यादी मात्र डोळे मिटून नव्या मशीनला खाऊ घालू नका. तिच्यात इन्स्टॉलरने बसवलेलीही पुष्कळ नावं असतात. ती वाचा आणि ओळखीची तेवढी घ्या.

हौशी मंडळी डॉट फायली गिटमध्ये, म्हणजे फायलींतल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रोग्राममध्ये, ठेवतात. स्टो आणि शेमॉय ही त्यासाठीची चांगली साधनं आहेत. मजकुराच्या, हाताने लिहिलेल्या सेटिंग्जसाठी हे उत्तम आहे. ब्राउझर, कीरिंग, डीकॉन्फची बायनरी यांच्यासाठी नाही. आणि रिपॉझिटरी (गिटमधला तुमचा फोल्डर) सार्वजनिक असेल तर प्रत्येक कमिटआधी, म्हणजे बदल नोंदवण्याआधी, बघा, की एखाद्या सेटिंग फाइलमध्ये टोकन किंवा पासवर्ड तर पडलेला नाही ना. नंतर पुसला तरी तो इतिहासात राहतो. असं झालं तर तो पासवर्ड लगेच बदला.

बॅकअप सुरू झाला की पहिल्या महिन्यातच एकदा परत आणून बघा. मशीनवर ‘चाचणी’ नावाचा दुसरा युजर करा, बॅकअपमधलं होम त्याच्या होममध्ये उतरवा, मालकी त्याच्या नावावर करा आणि त्या नावाने लॉगिन करा. ज्या सेटिंग फायलींत जुन्या होमचा पूर्ण पत्ता लिहिलेला आहे त्या इथे अडखळतील: फाइल मॅनेजरचे बुकमार्क, वॉलपेपर, काही शॉर्टकट. हे कळलं तर चांगलंच, कारण नव्या मशीनवर युजरचं नाव वेगळं ठेवलंत तर तिथेही हेच अडखळणार आहे. लिब्रेऑफिस उघडा आणि तुम्हीच यादीत घातलेला एखादा शब्द टाइप करा. त्याच्याखाली लाल रेघ आली नाही म्हणजे शब्दसंग्रह पोचला.

आज रात्री एवढंच करा: ‘जुनंघर’ उतरवा, डंप काढा, वर्डबुक आणा. फायरफॉक्स उद्या. जुन्या डिस्कवर तारीख लिहून चिकटपट्टी लावा आणि दोन महिने कपाटात ठेवा. डंपमध्ये मीडिया-कीजचा विभाग सापडला नाही तर डंपचा मजकूर मला पाठवा, पण त्याआधी त्यात मेलचा पत्ता किंवा खात्याचं नाव असलेल्या ओळी काढून टाका.